हातभर कल

त्या भिंतीला पोट सुटलं तेव्हा सगळ्या वस्तीनं गवंड्याकडे एकच चौकशी केली. कितवा महिना? पाण्याला जाणाऱ्या बायका भिंतीकडे बघून तोंडावर हात धरायच्या. चहाच्या दुकानात बसलेले रिकामटेकडे तिच्या डोहाळ्यांची यादी करायचे. गवंडी खाली मान घालून जायचा. आणि नववा भरायच्या आत, चार दिवस संततधार लागल्यावर, सकाळी दूध काढायच्या वेळेला भिंत मोकळी झाली. चाळीस फूट लांब, बारा फूट उंच. आवाज म्हणे तीन गावांनी ऐकला. चौथ्या गावातल्या एका ठार बहिऱ्यानं "कोण आहे?" म्हणून दार उघडलं.

ढिगाऱ्याखाली दोन शेळ्या गेल्या, एक न्हाणीघर गेलं आणि गवंड्याचं नाव गेलं. त्या दिवसापासून त्याला कुणी गवंडी म्हणेना. सुईण म्हणायला लागले.

भिंत दोन सख्ख्या भावांच्या मधली होती. वाटण्या झाल्या तेव्हा उताराचा वरचा तुकडा थोरल्याला आला, खालचा धाकट्याला. तेव्हापासून दोघांची मूळ नावं गळून पडली, वरचा आणि खालचा एवढंच उरलं. त्यांची आईसुद्धा तसंच म्हणायची. ती खालच्याकडे राहायची, आणि ज्या स्वयंपाकघरात ती दिवसभर बसून असायची ते भिंतीच्या पायथ्यापासून मोजून सहा पावलांवर होतं. न्हाणीघर मध्ये होतं म्हणून म्हातारी वाचली. आता मध्ये काहीच नव्हतं. वरच्याच्या जमिनीची कड उघडी पडली होती, ओली माती जिभेसारखी बाहेर लोंबत होती, आणि रोज तिच्यातून एखादं ढेकूळ सुटून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत घरंगळत यायचं. म्हातारी ते काठीनं बाजूला सारायची.

मग उघडीप मिळाली. ज्यांचे गुडघे दुखत नव्हते ते म्हणाले, वीस दिवस पाऊस नाही. ज्यांचे दुखत होते ते म्हणाले, बारा.

वरचा गवंड्याच्या दारात आला. आत काही आला नाही.

"पुन्हा बांधून दे," तो म्हणाला. "आणि या वेळी पडली तर पंचक्रोशीत तुला कुणी चूलसुद्धा लिंपायला बोलावणार नाही. ते मी बघतो."

"बांधतो," गवंडी म्हणाला.

बायको आत चूल पेटवत होती. तिनं फुंकणी खाली ठेवली नाही.

ती तीस वर्षं नवऱ्याच्या मागं दगड वाहत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड. टाळूवर चुंबळीएवढं टक्कल पडलं होतं आणि मान अशी ताठ झाली होती की कुणी हाक मारली तर ती सगळीच्या सगळी वळायची. तिनं वाहिलेले दगड एकावर एक ठेवले असते तर चंद्रापर्यंत पायऱ्या झाल्या असत्या; पण चंद्रावर कुणाची माती घसरत नव्हती, म्हणून ते इथेच राहिले.

तिनं चहा ओतला. गवंड्यानं पेला सरळ मुठीत धरला. नुकता उकळलेला, काठोकाठ भरलेला.

"गरम आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

त्यानं पेला खाली ठेवला. तळवा लाल झाला होता. बोटं मात्र पांढरी होती, मेणाची असावीत तशी. तिनं त्याच्या शर्टाची बटणं लावली. दोन वर्षं ती लावत होती. त्यानं कधी सांगितलं नव्हतं आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. त्याआधी पंधरा वर्षं, भिंतीचं काम नसेल तेव्हा, तो खाणीत दगडाला भोकं पाडायचं मशीन धरायचा. संध्याकाळी मशीन बंद व्हायचं, हातात चालूच राहायचं. हातात घेतलेलं ताट वाजायचं. मग एकदा हातातलंही बंद झालं, आणि त्याच्याबरोबर जे काय होतं ते सगळंच बंद झालं.

पहिले तीन दिवस ढिगारा उपसण्यात गेले. मोठे दगड एका बाजूला, मधले दुसऱ्या बाजूला, भरड तिसरीकडे. पहार मारायला एक गडी होता. हातातली पहार तो अधूनमधून खाली ठेवायचा, तोंडातली कधीच नाही. त्याला सगळे पहाऱ्या म्हणायचे.

"वहिनी," तो म्हणाला, "बारसं कधी करायचं? एवढी बाळं झालीत, नावं तरी ठेवू."

"ते तोंडाकडचं उचल आधी," ती म्हणाली.

ती चिपा गोळा करत होती. दगड नीट बसावा म्हणून फटीत ठोकायचे ते चपटे तुकडे. एक घमेलं भरलं, दुसरं भरलं. तिसरं भरताना तिचा हात थांबला. प्रत्येक चिपेचं एक टोक ऊन खाऊन पांढुरकं झालं होतं. दुसरं टोक काळं, ओलं, मातीचं. तिनं दहा-बारा उलटून पाहिल्या. सगळ्या तशाच.

म्हणजे ऊन लागायच्या बाजूला होत्या. समोर.

हे ती अगदी नवी नवरी असताना शिकली होती, आणि ज्यानं शिकवलं तो नवरा पलीकडे पहारेशी झटापट करत होता. दगड ठेवला की त्यावर तळवा टेकायचा आणि जरासं रेटायचं. डुगडुगला तर मागून हात घालायचा, चाचपून फट शोधायची आणि मागून चीप ठोकायची. मागूनच. समोरून ठोकलेली चीप म्हणजे हलत्या दाताला लावलेली काडी. दिसायला दगड गच्च, पण मागची माती भिजून फुगली की आधी चीप बाहेर उडते, आणि तिच्यापाठोपाठ दगड.

तिला राग यायला हवा होता. ती थोडा वेळ त्याची वाट बघत उभी राहिली. आला नाही. मग तिनं घमेलं उचलून ढिगावर ओतलं.

दुपारी दोघं झाडाखाली जेवायला बसली. पहाऱ्या दूर जाऊन आडवा झाला होता.

"चिपा समोरून होत्या," ती म्हणाली.

तो चावत राहिला. घास गिळला. पाणी प्याला.

"हात मागं जातो," तो म्हणाला. "तिथं जाऊन काय करतो ते मला कळत नाही."

"मग?"

"मग काय. समोरचं डोळ्यांना दिसतं."

तिनं डबा पुसून बंद केला. झाकण दोनदा दाबून पाहिलं.

चौथ्या दिवशी पाया घातला. पायथा साडेचार फूट रुंद घेतला, माथा दोन फुटांचा धरला. आणि दोरी बांधायची वेळ आली तेव्हा गवंड्यानं दोन्ही टोकांना लाकडी चौकट तिरकी ठोकली. फुटाला दोन बोटं मागं. बारा फुटांना एक हात.

वरचा कडेवरून बघत होता. तो ओळंबा घेऊनच आला होता. एवढा मोठा पितळी ओळंबा, की त्यानं विहिरीची खोली मोजली असती. दोरी सोडली. ओळंबा चौकटीपासून हातभर लांब लोंबायला लागला.

"हे काय?"

"कल," गवंडी म्हणाला. "भिंतीला मागं कल लागतो. मातीवर रेलली पाहिजे ती."

"रेलायला ती काय माझी सासू आहे? वर माझी हातभर जमीन जाते. चाळीस फूट लांब! गेल्या वेळी सरळ बांधायला लावली होती मी."

"म्हणून तर बाळंत झाली," पहाऱ्या म्हणाला, आणि लगेच पहार घेऊन दुसऱ्या टोकाला गेला.

खालचा स्वयंपाकघराच्या दारात आला. "मग पाया माझ्याकडे सरकवायचा नाही हं. सांगून ठेवतो. हद्द इथं आहे."

"कुठं?"

"इथं. माझ्या अंगठ्याजवळ."

"तुझा अंगठा काल तिथं नव्हता."

"माणसाचा अंगठा आहे तो, खुंटी नाही."

दोघं भाऊ बोलायला लागले की सूर्यसुद्धा कंटाळून ढगाआड जायचा, असं वस्तीत म्हणत. गवंडी मधे उभा होता. हात त्यानं काखेत घातले होते. "मालक, सरळ बांधली तर पडेल," एवढंच तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तेव्हा वरचा म्हणाला, "सुईणीनं बाळंतपण करावं, पंचायत करू नये. सरळ बांध. नाहीतर चौकट उपटतो."

तो खरंच उतरून आला. चौकटीला हात घातला.

गवंड्याची बायको डोक्यावर दगड घेऊन उभी होती. मालकांसमोर ती तीस वर्षांत बोललेली नव्हती. बोलायचं काही कामच पडलं नव्हतं. ती सगळीच्या सगळी वळली.

"ती उठते," ती म्हणाली.

"कोण उठते?"

"भिंत. बांधताना अशी मागं निजवून बांधायची. एक पाऊस पडला की उठून बसते. सरळ. ओळंब्यात." तिच्या चेहऱ्यावर माशी बसली होती, तीसुद्धा हलली नाही. "गेल्या वेळी आधीच सरळ होती. मग पावसानं उठायला गेली तर कुठं जाणार? पुढं आली."

वरच्यानं तिच्याकडे पाहिलं. गवंड्याकडे पाहिलं. गवंडी दोरीकडे बघत होता. पलीकडे पहाऱ्यानं डोक्याचा पंचा सोडून तोंडात कोंबला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"खरं का रे?"

"तिला विचारा," गवंडी म्हणाला. "दगड तिनं वाहिलेत."

"हातभर उठते?"

"तहान भागली की उठते," ती म्हणाली. "दगडाच्या मानावर आहे."

वरच्यानं चौकटीवरचा हात काढला. "पाऊस पडला की बघायला येणार मी," तो म्हणाला. "ओळंबा घेऊन."

"या," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा दगड उतरवला.

भिंत वर यायला लागली. कोरडी, दगडावर दगड. या वेळी दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायच्या नाहीत, सिमेंटचा एक थेंब लावायचा नाही, असं गवंड्यानं सांगितलं. खालच्याची बायको म्हणाली, फटींतून पाणी येईल की. तो म्हणाला, यायलाच पाहिजे. मागे फूटभर जाडीची भरड, मग माती. भरड गवंड्याची बायको ओतायची. आणि गवंड्यानं दगड ठेवला की ती ओलं फडकं घेऊन यायची आणि दगड पुसायची.

"वहिनी, देव्हाऱ्यात ठेवायचेत का?" पहाऱ्या विचारायचा.

"माती लागलीय."

पुसताना तिचा डावा तळवा दगडावर टेकायचा. जरासा रेटायचा. दगड बसलेला असला तर ती पुढच्याकडे वळायची. डुगडुगला तर म्हणायची, "पाणी देऊ का?"

पहिल्या दिवशी गवंडी म्हणाला, "आत्ताच तर प्यालो." ती तिथंच उभी राहिली. त्यानं तिच्या तळव्याकडे पाहिलं. मग दगड उचलला, आणि तिनं फडकं मागं टाकल्यासारखं करून मागच्या फटीत चीप सरकवली. त्यानं वरून सुतकीचा घाव घातला. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलंच नाही. ती "पाणी देऊ का" म्हणाली की तो दगड उचलायचा. दिवसातून चाळीस वेळा. पहाऱ्याला वाटलं, या माणसाला काही तरी मोठा आजार झालाय. त्यानं स्वतःच्या तांब्यातलं पाणीही देऊ केलं.

तिच्या बोटांची टोकं सोलवटली. नखाखाली रक्त साकळलं. रात्री भाकरी थापताना पीठ तांबूस व्हायचं. दुखत होतं का? असेल. ती मोजत होती फक्त थर. सात. आठ.

नवव्या थराला लांब दगड घालायचा होता. भिंतीच्या तोंडापासून थेट मागच्या मातीपर्यंत जाणारा, दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा. असा एक दगड चुकीचा बसला की वरचे तीन थर त्याच्यावर नाचतात. तिघांनी मिळून तो चढवला. तेव्हाच वरचा आला. बरोबर चार-पाच जण होते. त्यानं सोडलेला ओळंबा वाऱ्यानं हलला की दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. कुणी तरी म्हणालं, भिंत आत्तापासूनच उठायच्या बेतात दिसते.

दगड बसला. गवंड्यानं सुतकीनं त्याला दोनदा ठोकलं, कान लावला आणि मागं सरला. माणसं बघत होती.

बायकोनं फडकं पिळलं. पुसायला लागली. तळवा टेकला. रेटला.

"पाणी देऊ का?"

"नको."

ती पुसत राहिली. पुसायला काही राहिलं नव्हतं.

"पाणी देऊ का?"

"तहान नाही मला."

"अगं बाई, नको म्हणतोय ना तो," वरचा म्हणाला. "घोड्यालासुद्धा कुणी एवढं विचारत नाही." माणसं हसली.

खालून स्वयंपाकघरातून तवा आपटल्याचा आवाज आला. म्हातारी दारात पाय पसरून बसली होती, काठी मांडीवर. सहा पावलं.

"पाणी देऊ का?" गवंड्याची बायको तिसऱ्यांदा म्हणाली. आवाज तसाच. हाक मारल्यासारखा नाही, विनवल्यासारखाही नाही. कुणी वजन सांगावं तसा.

गवंड्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात दगडावर टेकलेले होते. त्यानं सगळं अंग घालून रेटलं. त्याला काही कळलं नाही. पण दगडावर बसलेला एक मुंगळा जागच्या जागी हलला, थांबला, परत हलला. तो मुंगळ्याकडे बघत राहिला.

"दे," तो म्हणाला.

"काय झालं?" वरच्यानं विचारलं.

"डुगडुगतोय. उचला."

"आत्ता तर ठोकून बघितलास!"

"मला कळत नाही," गवंडी म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं. "हातांना कळत नाही माझ्या. दोन वर्षं झाली."

कुणी हसलं नाही. हसायचं का ते त्यांना ठरवता येईना. पहाऱ्यानं पहार घातली, दगड बोटभर उचलला आणि तसाच धरून ठेवला. बायकोनं भिंतीवर पोट टेकलं, हात खांद्यापर्यंत मागच्या फटीत घातला आणि गाल दगडाला लावून आत चाचपत राहिली. पहाऱ्यानं पहारेखाली खांदा दिला.

"मोठी दे," ती म्हणाली. "चार बोटं. एका बाजूनं उतरती."

गवंड्यानं चिपांच्या ढिगातून निवडून दिली. डोळ्यांनी त्याला अजून सगळं कळत होतं. तिनं ती आत नेली, बसवली, हात काढला. कोपरापासून मनगटापर्यंत साल गेलं होतं. "सोड."

पहाऱ्यानं पहार काढली. दगड खाली बसला. धप्प असा, भरल्या पोटासारखा आवाज झाला.

"म्हणजे आता बायका भिंती बांधणार?" वरचा म्हणाला.

गवंडी खाली उतरला. दगडांच्या ढिगाजवळ तिची चुंबळ पडली होती. ती उचलून त्यानं झटकली, डोक्यावर ठेवली, जरा इकडे-तिकडे सरकवली. तीस वर्षं तिच्या डोक्याचा आकार घेतलेली चुंबळ. त्याला ती नीट बसेना. मग त्यानं तिच्यावर मधला एक दगड चढवला आणि मान ताठ करून चालायला लागला.

उरलेले थर तिनं लावले. त्यानं दगड निवडायचा, आणून द्यायचा, कुठलं तोंड पुढं ते सांगायचं. तिनं बसवायचा. वस्तीत दोन दिवस चेष्टा झाली. मग कुणाच्या तरी गायीला दोन तोंडांचं वासरू झाल्याची बातमी आली आणि लोक तिकडे गेले.

गुडघे दुखणाऱ्यांचं खरं ठरलं. बाराव्या दिवशी दुपारी माथ्याचा शेवटचा दगड बसला, आणि तेराव्या दिवशी पावसानं सुरुवात केली. सहा दिवस. पडत राहिला. गवंडी आणि त्याची बायको घरात बसून राहिली. तो दाराशी, ती चुलीपाशी. तिनं त्याचा चहा बशीत ओतून गार करून दिला. तिसऱ्या दिवशी खालच्याचा निरोप आला : भिंतीच्या सगळ्या फटींतून पाणी गळतंय, हे बरं की वाईट? तिनं उलट निरोप पाठवला : गळू दे.

सातव्या दिवशी ऊन पडलं. दोघं गेली तेव्हा वरचा आधीच माथ्यावर उभा होता. ओळंबा सोडलेला. हातभर अंतर. जसं होतं तसं. सुतानंही फरक नाही.

"उठली नाही!" तो ओरडला.

"नाही," ती म्हणाली.

"सहा दिवस पाऊस झाला! एक पाऊस म्हणाली होतीस तू! केव्हा उठणार?"

तिनं मान वर केली नाही. मान वर होतच नव्हती. ती सगळीच जरा मागं झुकली, भिंतीसारखी, आणि त्याच्याकडे पाहिलं.

"दमलीय," ती म्हणाली. "झोपू द्या."

स्वयंपाकघरातून म्हातारीचं खोकल्यासारखं काही तरी ऐकू आलं. हसत असेल. वरचा हातभर जमिनीबद्दल बोलतच राहिला. खालचा बाहेर येऊन अंगठ्याबद्दल बोलायला लागला. ओळंबा दोघांच्या मधे लोंबत राहिला.

गवंडी नवव्या थरापाशी गेला होता. हात उंचावून त्यानं तळवा त्या लांब दगडावर टेकला होता, पांढरी बोटं पसरलेली. फटीतून पाण्याची बारीक धार त्याच्या मनगटावरून बाहीत जात होती. तो रेटून बघत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं.

ती जवळ आली.

"पाणी देऊ का?" त्यानं विचारलं.

तिनं आपला तळवा त्याच्या हाताशेजारी ठेवला. खपली धरलेला. रेटला. पुन्हा रेटला.

"नको," ती म्हणाली.